जहाज थांबवणारं लुगडं

हे सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही, तरी सांगते. बारा मजली जहाज मी माझ्या लुगड्याने थांबवलंय. साउथहॅम्प्टनच्या खाडीत, दिवसाढवळ्या.

रविवारी दुपारी लंडनच्या पिनरमधल्या आमच्या किचनमध्ये मी हे वाक्य टाकलं, तेव्हा माझा मुलगा राजेंद्र लसूण सोलत होता. रेल्वेचे पूल तपासणारा माणूस आहे, लसणाची पाकळीसुद्धा तडा बघावा तशी बघतो. त्याच्यासमोर माझी नात धम्मशीला, फोन पालथा घालून बसलेली. मनाली, म्हणजे सूनबाई, हॉस्पिटलला ड्यूटीवर. घरात सकाळपासून कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

कारण असं, की साउथहॅम्प्टनला धम्मशीलाच्या युनिव्हर्सिटीत आपल्याकडच्या मुलींची एक सोरोरिटी आहे, सखी हाउस. एका घरात राहतात, एकमेकींच्या बहिणी होऊन. तिथली एक रूम रिकामी झाली होती आणि त्यांनी ती आमच्या पोरीला देऊ केली होती. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बाप ‘नको’ म्हणत होता. एवढाच एक शब्द, पुढे-मागे काही नाही.

पोरीचं म्हणणं वावगं नव्हतं. पहिल्या वर्षी ती फ्लूने खोलीत पडून होती, तर शेजारच्या दारालाही पत्ता नव्हता. सखी हाउसमध्ये दाराजवळ खुंट्या आहेत. घरी आली की प्रत्येकीने आपली किल्ली आपल्या खुंटीवर अडकवायची. अंधार पडल्यावर एखादी खुंटी रिकामी दिसली, की बाकीच्या फोन लावायला लागतात, नाहीतर कोट घालून शोधायलाच निघतात. एकीला ताप आला तर दुसरी पेज करते. थोरल्या मुली धाकट्यांकडून इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात. आणि नवी मुलगी घ्यायच्या आधी तिच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बोलावतात, सगळ्या मिळून रांधतात आणि एकाच पातेल्यातलं जेवतात. त्यासाठीच मागच्या महिन्यात मी तिकडे गेले होते. राजेंद्रनेच मला स्टेशनवर सोडलं होतं.

आणि त्याच्या ‘नको’मागचं कारणही मला ठाऊक होतं. तो शिकायला घराबाहेर पडला तेव्हा आपल्याच मराठी मुलांबरोबर एका घरात राहिला होता. एकदा जेवताना त्यांनी त्याचं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला, मग भिंतीवर फोटो कुणाचा. दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये एका स्टीलच्या ताटलीला मागून लाल ऑइलपेंटचा ठिपका. ती याची. भांडण नाही, शिवी नाही, नुसता ठिपका. तो ताटली घेऊन घरी आला आणि उरलेलं शिक्षण ट्रेनने ये-जा करून केलं. मला हे त्याने एकदाच सांगितलं. ताटली मात्र मी फेकू दिली नाही. लसूण सोलायला तिच्यासारखी दुसरी नाही. आत्ताही त्याच्या पुढ्यात तीच होती.

तर मी म्हटलं, जेवणं झाल्यावर पोरींनी मला बंदर दाखवायला छोटी मोटरबोट घेतली. ईशानी सुकाणूला, अन्वी पुढे, धम्मशीला माझा हात धरून. आणि लागली ओहोटी. बोट चिखलात अशी रुतली, की इंजिन नुसतं खोकायला लागलं.

“मग?” राजेंद्र म्हणाला, मान खाली घालूनच.

मग समोरून ते जहाज. वरच्या मजल्यावर स्विमिंग पूल, आणि त्यात पोहणाऱ्या माणसांच्या टोप्यांचे रंग मला चष्म्याशिवाय दिसले, इतकं जवळ. भोंगा असा वाजला की माझी कवळी हलली. अन्वीला पोहता येतं. किनारा हाकेवर होता. मी म्हटलं, पोरी, तू तरी जा. तर म्हणाली, आज खुंटीवर किल्ल्या लागतील तर सगळ्यांच्या लागतील.

हे मी जरा सावकाश म्हटलं. राजेंद्रचा चाकू थांबला, पुन्हा चालू झाला.

मग मी उठले आणि लुगडं सोडलं. हिरवंगार नऊवारी. आतून गरम लेगिंग होती, काळजी नको. चौघींनी चार टोकं धरली, वारा आत शिरला आणि ते असं फुगलं की बोट चिखलातून वीतभर वर आली. कॅप्टनने पाहिलं. जहाज थांबलं. त्याने शिडी सोडली, आम्हाला वर घेतलं, चहा पाजला. मी पर्समधला ठेचा काढला. तो खाऊन कॅप्टन रडला आणि पुढच्या जहाजाला माझं नाव देतो म्हणाला. एसएस भीमाबाई.

एरवी एवढ्यावर राजेंद्र हसतो. त्या दिवशी त्याने पुढची पाकळी उचलली.

“जेवायला कसे बसलात?”

मी म्हटलं, गोल. खाली, चटईवर.

“ताटं?”

सगळी सारखी, मी म्हटलं. मागून-पुढून सारखी. मी उलटून पाहिली.

धम्मशीला टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होती. जहाज येऊन गेलं, लुगडं फुगलं, कॅप्टन रडला, तरी ती एका शब्दाने मध्ये पडली नव्हती. त्या बोटीत ती स्वतः होती आणि बोट कुठवर खरी हे तिला माहीत होतं.

राजेंद्रने चाकू खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“आई, त्यांनी आडनाव विचारलं?”

जहाज थांबवताना माझी जीभ अडखळली नव्हती. आता अडखळली. ‘हो’ म्हटलं असतं तर फोन पालथाच राहिला असता, पोर त्या एकट्या खोलीत परत गेली असती. मी किटलीकडे बघत म्हटलं,

“छे. आजकालची पोरं कुठलं आडनाव विचारतात. एकीनेही नाही.”

त्याने मान हलवली. खांदे थोडे उतरले. मला वाटलं, निभावलं.

“आजी, जहाज मी ऐकून घेतलं,” धम्मशीला तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली. “पण हे खोटं आहे.”

मी तिला टेबलाखालून पायाने डिवचलं. तिने पाय मागे घेतला.

“पप्पा, विचारलं होतं. ईशानीने. आजी भात वाढत होती तेव्हा. आडनाव विचारली, मग गाव, मग फोटो. तुम्हाला विचारलं होतं ते सगळं. मला ताटलीचं माहीत आहे, मम्मीने सांगितलंय.”

राजेंद्रचा हात ताटलीवर गेला, जणू ती झाकायची होती.

“तू काय सांगितलंस?”

“खरं. आम्ही बुद्धिस्ट आहोत, बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये आहे, आत यायच्या आधी विंडोमधून दिसतो. ती एकदम क्वाएट झाली. सगळेच झाले. मला वाटलं, संपलं.”

“मग?”

“मग अन्वी म्हणाली, भात थंड होतोय, आणि माझ्याच प्लेटमधलं लोणचं उचललं. निघताना ईशानी एकटीच आजीला आणि मला स्टेशनवर सोडायला आली. म्हणाली, तिच्या घरी सगळ्यांना विचारतात, म्हणून तिनेपण विचारलं, आणि तिला लाज वाटते. मी म्हटलं, वाटू दे.” तिने फोन सुलटा केला आणि बापाकडे सरकवला. “आजचा मेसेज तिनेच पाठवलाय. माझं नाव लावलेल्या खुंटीचा फोटो आहे. हे सगळं लपवून मिळाला असता तर मला तो रूम नको होता.”

राजेंद्रने फोटो बघितला. मग उठून लसूण खलात ओतला, ताटली धुतली, पुसली आणि ठिपक्याची बाजू वर करून लेकीसमोर ठेवली.

“ही घेऊन जा तिथे,” तो म्हणाला. “लसूण सोलायला. सगळ्यांना दाखवून वापर.”

पोरीने ताटली छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने उत्तर टाइप करायला लागली. मी हळूच उठत होते, तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

“आणि आई, त्या दिवशी स्टेशनवर तुला मी सोडलं. तू माझा जुना रेनकोट आणि ट्राउझर घातली होतीस. लुगडं कुठून आलं?”