उन्हावाचून रापवणारी बाटली

मराठीत 'कोड' हे शब्द दोन आहेत. उच्चार एकच, कूळ वेगळे. एक कोड म्हणजे हौस, मनात जपलेली इच्छा. ते पुरवायचे असते, 'कोडकौतुक' यातले कोड ते हेच. दुसरे कोड म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग. हा शब्द 'कुष्ठ' या शब्दावरून झिजत आला आणि येताना त्या रोगाची सारी बदनामी विनाकारण बरोबर घेऊन आला. वास्तविक त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी उरलेल्या नसतात, एवढेच. ते कोणाला लागत नाही. शब्दाचे मूळ मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत अजून सडते आहे.

हे आधी सांगते, कारण पुढे जे घडले त्यात दोन्ही कोड आहेत. आणि ज्यांनी ही हकिकत मेलबर्नभर फिरवली त्यांना त्यांपैकी एकही कळलेले नाही.

मी एक बाटली आहे. माझ्या पोटात तपकिरी लोशन आहे. इकडे त्याला 'सेल्फ टॅन' म्हणतात. मराठीत यासाठी नेमके क्रियापद आहे: रापणे. उन्हात राबणारा माणूस रापतो. रापायला ऊन लागते, दिवस लागतात, बहुधा पोटाची गरजही लागते. मला यातले काही लागत नाही. अंगाला चोपडा, आठ तासांत रापा, पाच-सहा दिवसांत पुन्हा होता तसा रंग. कष्टाचा वर्ण, कष्टावाचून.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखे काही नाही. एका नळीखालून हजारो बहिणी सरकल्या, त्यांत मी एक. मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या एका औषधांच्या दुकानात मी चार महिने उभी होते. घोड्यांच्या शर्यतीला, शाळेच्या निरोपसमारंभाला, मैत्रिणीच्या लग्नाला जाणाऱ्या गोऱ्या मुली येत आणि माझ्या बहिणींना घेऊन जात. काचेपलीकडे इंडियन ग्रोसरी होती. तिथून सावळ्या मुली उजळपणाची मलमे घेऊन निघत. हिला तिचा रंग हवा, तिला हिचा. मला हसू येई. जिच्या अंगावर दोन्ही रंग आहेत, तिला या दोन दुकानांच्या मधल्या रस्त्यावरून सुखाने चालू देत नाहीत, हे मला पुढे कळले. तेव्हापासून हसू येत नाही.

मला विकत घेतले सलिलने. मूळचा पुण्याचा, आयटीत नोकरी, वय एकतीस. त्याने खिशातून फोन काढला आणि एका मुलीच्या हाताचे छायाचित्र मोठे केले. मनगटावर पांढरा डाग होता. त्याने त्यावर अंगठा ठेवून तो झाकला आणि उरलेल्या त्वचेशी माझी छटा ताडून पाहिली. मग समाधानाने मला उचलले.

राग मला तिथेच यायला हवा होता. मला वाटले, कोणी आपली निवड केली. वस्तूंनाही असा मोह होतो.

हात शिवांगीचा होता. ती साताऱ्याहून शिकायला आली, इथेच कायमची राहिली, चाइल्डकेअरमध्ये काम करते. कोड तिला बाराव्या वर्षापासून. दोन्ही हात, मनगटे, कोपर. सलिलशी ओळख तीन वर्षांची; लग्न आठवड्यावर आलेले. त्याने मला तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले.

"हे काय?"

"चिल, आधी ऐक. फक्त लग्नापुरतं. इकडे सगळ्याच ब्राइड्स लावतात यार."

"त्या अंगभर लावतात. तू मला ठिपक्याठिपक्यांत भरायला सांगतोयस. कलरिंग बुक आहे का मी?"

"आईने तुला फक्त व्हिडिओवर बघितलंय. एकदम समोर दिसलं तर शॉक बसेल तिला."

"म्हणजे तू अजून सांगितलंच नाहीस?"

"सांगतो ना! लग्न झालं की, नीट बसून, शांतपणे. मला कधी काही प्रॉब्लेम होता का? तूच सांग."

"आई दोन महिने राहणार आहेत, सलिल. हे पाच दिवस टिकतं. दर पाचव्या दिवशी मी बाथरूममध्ये बसून रंग भरायचा?"

"नो वरीज. आपण मॅनेज करू."

'आपण' हे सर्वनाम किती निर्लज्जपणे वापरता येते, ते मी त्या दिवशी ऐकले. रंगवायचे हात एकटीचे. मॅनेज करणारे आपण.

शिवांगीने मला फेकले नाही. तिने वेष्टनावरचा मजकूर दोनदा वाचला आणि मला कपाटात ठेवले. लावावे की लावू नये, हे तिचे ठरत नव्हते.

तिची आई मंजिरी साताऱ्याहून आली होती. मुलीचे एकच मागणे होते. हॉल लहान चालेल, दागिने नसले तरी चालेल, पण हळद रीतसर हवी. आधी वराला लावावी, त्यातली उष्टी हळद वराकडच्या बायकांनी वाटीतून आणावी, तिला दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळावी. परदेशात सात वर्षे तिने हे कोड जपले होते. मंजिरीबाईंनी त्यासाठी घरची हळद दळून आणली होती.

आणि माझ्या पाठीवर स्पष्ट छापले आहे: रंग चढल्यावर त्वचा घासू नये.

"लाव गं, शिवा," मंजिरीबाई म्हणाल्या. "किती वैद्य झाले, किती गुरुवार झाले. चार दिवस रंग लावायला काय जातं?"

"आई, तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय? मीच तर पहिली. गावच्या प्रत्येक लग्नात लांब बाह्यांचे ब्लाउज तुला कोणी घातले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवांगीने मला बाहेर काढले. घरात तिच्याबरोबर राहणारी तनया कान साफ करायची काडी घेऊन बसली आणि डाव्या मनगटावरचा एकच डाग तिने अलगद भरला. संध्याकाळी तो दिसेना.

"बघ, काय मॅच झालंय! मला आर्ट स्कूलला पाठवायला हवं होतं, उगाच अकाउंटिंग केलं."

शिवांगीला ते आवडले. हे मी लपवणार नाही. लपवण्याचे पाप एकदा माझ्या हातून झाले आहे. ती मनगट फिरवून फिरवून पाहत राहिली. सतरा वर्षांनी ते एकाच रंगाचे झाले होते. "उद्या सगळेच भरू," ती म्हणाली, आणि तिच्या आईने देवापुढे साखर ठेवली.

त्याच वेळी फोन वाजला. सलिलचा संदेश होता. तनयाने मोठ्याने वाचला: "हळद फक्त गालाला, एक बोट. हातांना नको, कलर जाईल. आईला सांग की तुला हळदीची ॲलर्जी आहे."

"हळदीची ॲलर्जी," शिवांगी म्हणाली. "मला."

ती उठली. साखरेत तेल कालवून तिने मनगट घासायला सुरुवात केली. माझा रंग सहज सुटत नाही. तनया "अगं, सोलून निघेल!" म्हणून ओरडत राहिली, पण ती थांबली नाही. मी पुसली जात होते आणि आयुष्यात प्रथमच मला संताप आला: अंगठ्याने डाग झाकणाऱ्याचा, 'आपण' म्हणणाऱ्याचा, आणि माझ्या पोटातल्या आज्ञाधारक द्रवाचा. जो लावील त्याचे खोटे मी खरे करून दाखवते. ही कसली कारागिरी?

शुक्रवारी सकाळी अंगणात पाट मांडला होता. शिवांगी बिनबाह्यांचा ब्लाउज घालून बसली. हळदीच्या ताटात तिने करंड्याशेजारी मला उभे केले. मंजिरीबाईंनी मला दोनदा उचलले. तिने दोन्ही वेळा परत ठेवले.

सलिलची आई इरावतीबाई उष्टी हळद घेऊन आल्या. गाडी सलिलने चालवली होती. तो किल्ल्या हातात घेऊन दाराशी थांबला. इरावतीबाई वाकल्या, बोटे हळदीत बुडवली, आणि त्यांना ते हात दिसले. बोटे थांबली. बोटांवरून हळद पाटावर ठिबकली.

"भाजलंय का गं कुठे?"

"नाही, काकू. कोड आहे."

तो शब्द त्या घरात प्रथमच कोणी मोठ्याने उच्चारला. मंजिरीबाईंनी डोळे मिटले.

"आम्हाला कोणी बोललं नाही," इरावतीबाई म्हणाल्या.

"सलिलला तीन वर्षं माहीत आहे. ही बाटली त्यानेच आणली. तुम्ही जाईपर्यंत मी रंगवून राहायचं होतं."

त्या मागे वळल्या. "सल्या, खरं हे? मी काय राक्षसीण आहे, म्हणून रंग फासून सून दाखवणार होतास मला?"

त्यांनी डाग पाहून तोंड फिरवले असते की नाही, हे मला ठाऊक नाही. त्यांना तशी संधीच मिळाली नाही. मुलाने आईच्या वतीने आधीच घृणा करून ठेवली होती.

सगळे आपल्याकडे पाहताहेत हे उमजल्यावर सलिल मोठ्या मनाने म्हणाला, "आई, पण मला चालतं ना!"

चालते! नाणे चालते. जुना मोबाईल अजून वर्षभर चालतो. माणसाविषयी हे क्रियापद वापरणाऱ्याची जीभ अडखळायला हवी.

शिवांगी पाटावरून उठली नाही. "मला नाही चालत," ती म्हणाली. "काकू, ती हळद परत न्या. तुमच्यावर राग नाही."

"शिवांगी, लोक विमानं पकडून आलेत!"

"मग जेवून जातील."

गाडी गेली. मग मंजिरीबाईंनी आपला डबा उघडला, घरची हळद कालवली आणि मुलीचे हात मांडीवर घेतले. लग्न नव्हते, मुहूर्त नव्हता. त्यांनी कोपरापर्यंत चोळली. पांढऱ्या डागांवर हळद अधिक पिवळी दिसते.

याला आठ महिने झाले. मी न्हाणीघराच्या कपाटात निम्मी भरलेली उभी आहे. वाचणाऱ्या बाई, एवढीच विनंती: मला स्वतःच्या हौसेने लावणार असाल तर खुशाल लावा, मी तुमची चाकर आहे. दुसऱ्याच्या भीतीने लावणार असाल तर मला दुकानातच राहू द्या.

आता लोक काय सांगतात ते. शिवांगीच्या मैत्रिणी सांगतात की तिने बाटली सलिलच्या अंगावर भिरकावली आणि त्यानंतर कधी डाग झाकले नाहीत. खोटे आहे. गेल्या महिन्यात एका समारंभाला जाताना, त्या दिवशी प्रश्नांचा कंटाळा आला म्हणून, तिने मला हातांना लावले. तिची मर्जी.

बाकीचे सगळे सांगतात, "कोडामुळे लग्न मोडले." या वाक्यात कारण चुकले आहे आणि कर्ता तर गाळलाच आहे, जणू काही लग्न ही एखादी फांदी होती आणि आपल्याच भाराने मोडली. दुरुस्ती अशी: सलिल खोटे बोलला, म्हणून लग्न शिवांगीने मोडले. क्रियापद सकर्मक आहे. कर्ता शिवांगी.