खिळ्याला टांगलेली पाचर

"हिच्या पात्यामागची पाचर कधी काढू नका. काढलीत, तर ही लाकूड सोडून माणूस धरेल."

मला जोडणाऱ्या म्हाताऱ्या फिटरने हे बजावलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. नवी होते ना! दातांना धार, अंगाला तेलाचा वास. म्हाताऱ्याला सगळ्यातच धोका दिसतो, असं मला वाटलं. मित्रांनो, मी एक जुनी गोल करवत आहे, आणि ते हसणं मला आजही बोचतं.

माझं अंग म्हणजे ओतीव लोखंडाचं जड टेबल. त्याच्या फटीतून ताटाएवढं दातेरी पातं वर येतं. पात्याच्या मागे, अगदी त्याला लागून, एक पातळ पोलादी पट्टी उभी असते. तीच पाचर. फळी चिरली की तिचे दोन्ही भाग पुन्हा मिटायला बघतात. ते मिटले की फिरतं पातं चिमटीत सापडतं आणि अख्खी फळी उचलून समोर उभ्या माणसाच्या पोटात फेकतं. पाचर मध्ये उभी राहून त्यांना मिटू देत नाही. एवढंच तिचं काम, आणि त्यासाठी तिचं कौतुक कुणी करत नाही.

मला दोन सुतार भावांनी घेतलं. दोघांचं कशातच पटायचं नाही, माझ्या बाबतीत सोडून. "बघा कशी चालते, लोण्यातून सुरी!" थोरला गिऱ्हाइकांना सांगायचा. धाकटा रोज काम संपलं की माझ्यावरचा भुसा झाडायचा, टेबलाला मेण घासायचा. अशी नऊ वर्षं गेली.

मग फळ्यांना खाचा पाडायचं मोठं काम आलं. खाच पाडताना फळी आरपार कापायची नसते, आणि पाचर पात्यापेक्षा उंच. फळी तिला अडायची. थोरल्याने दोन बोल्ट सोडले आणि पाचर भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

"दादा, काम झालं की परत लाव हं," धाकटा म्हणाला.

"लावतो रे. पळून चाललीय का ती?"

काम झालं. पाचर खिळ्यालाच राहिली. तिच्यावर भुसा बसला, मग कोळ्याने जाळं विणलं. रोज सकाळी शटर उघडलं की मला ती समोर दिसायची.

त्या दिवशी थोरला एक दार पोचवायला गेला होता. धाकट्याने नीट न वाळलेली जाड फळी माझ्यावर चढवली. ती अर्ध्यावर आली आणि मिटली. मला कळलं, पण मला थांबता येत नाही, मित्रांनो. मी फळी उचलली आणि त्याच्या बरगड्यांखाली घातली. तो मागच्या भिंतीवर आदळला, घसरत खाली बसला. तोंडातून आलेलं रक्त भुशात मुरत गेलं. त्याने एकदा माझ्या बटणाकडे हात नेला. हात पोचला नाही.

मी चालूच राहिले. लाकूड चिरताना माझा सूर जड होतो, खाली उतरतो. रिकामी फिरले की तो उंच आणि एकसारखा. जवळजवळ तासभर मी त्या एकाच सुरात ओरडत होते. शेजारच्या शिंप्याने भिंतीवर मुठी आपटल्या. "अरे, बंद करा ती कटकट! डोकं उठलं!" वरच्या मजल्यावर कुणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली. आत डोकावलं मात्र कुणीच नाही. थोरला आला तेव्हा भाऊ गार पडला होता. रक्त पोटात साचत गेलं होतं. अर्ध्या तासात आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी थोरला घण घेऊन आला. पहिल्या घावात माझ्या टेबलाचा कोपरा उडाला. दुसऱ्यात पातं वर-खाली करायचं चाक वाकलं. "खाल्लंस त्याला! माझ्या भावाला खाल्लंस!" घाव घालता घालता त्याची नजर वर गेली. समोर खिळ्यावर पाचर. घण त्याच्या हातातून सुटला. तो खाली बसला आणि स्वतःच्याच कानशिलात मारत राहिला.

मग मी जुनी यंत्रं विकणाऱ्या काकांच्या गाळ्यात आले. त्यांनी मला हिरवा रंग फासला, तुटका कोपरा घासून गोल केला, पाचरीच्या बोल्टची भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली.

एक दिवस एक तरुण सुतार बायकोला घेऊन आला. नोकरी सोडून त्याला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. कडेवर तान्ही मुलगी. तो माझ्या मोटारीवर भाळला. बायको मात्र माझ्यावरून बोटं फिरवत राहिली. एका जागी थांबली, केसातली पिन काढली आणि रंग खरवडला.

"काका, ही भोकं कसली?"

"कंपनीच ठेवते हो ताई. हवा खेळायला."

"मग बुजवलीत कशाला? हवा जास्त झाली?"

काका ओशाळं हसले. "थांबा, चालवूनच दाखवतो."

अर्धी फळी चिरून झाली आणि तेच झालं. फळी काकांच्या कमरेला चाटून गेली आणि मागच्या पत्र्याच्या दारातून आरपार. मुलगी किंचाळून रडू लागली. बायकोने नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला दारापाशी नेऊन उभं केलं. पत्र्यातलं भोक बरोबर त्याच्या बेंबीच्या उंचीवर होतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आता चल."

आठ दिवसांनी तो एकटाच परत आला. काकांनी भुवया उंचावल्या. "तयार झाल्या वहिनी?"

"अटीवर. ती भोकं पाचरीची आहेत, हे तिने विचारून काढलं. लोहाराकडून पाचर करून आणेपर्यंत चालू करायची नाही."

ती पक्की होती. मी त्यांच्या पडवीत आले त्याच दिवशी तिने माझा फ्यूज काढला आणि मुलीच्या लंगोटांच्या पिशवीत ठेवला. मला इतकं सुरक्षित कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आज ती मुलीला लस द्यायला दवाखान्यात गेली आहे. पिशवीही तिच्याबरोबर गेली. लोहाराची पाचर अजून आलेली नाही, आणि गिऱ्हाइकाचा तिसरा फोन येऊन गेला. आताच नवऱ्याने फ्यूजच्या जागी तार गुंडाळली. "एकच फळी," तो पुटपुटला. कुणाला सांगत होता, कोण जाणे. बटण त्याने दाबलं आहे. मी फिरते आहे. मला थांबता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही भिंतीपलीकडे कुठेतरी करवत चालत असेल. तिचा सूर उतरतो, चढतो, पुन्हा उतरतो, तोवर माणूस ठीक आहे. त्याला खुशाल शिव्या द्या. पण सूर उतरलाच नाही, उंच, एकसारखा चालूच राहिला, तर भिंतीवर मुठी आपटू नका. खिडकी लावून घेऊ नका. चपला शोधत बसू नका. पळत जा, दार ढकला. आधी माझं बटण बंद करा, आणि तो कुठे पडलाय ते बघा.