पुठ्ठीचं पथ्य

माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणायची कुणाची छातीच झाली नसेल, असं सूनबाई म्हणते, पण ते सोडा. सासूला मी सोळा वर्षं जेवू घातलं, तीन मुलं वाढवली, दुकानातले कामगार दुपारी माझ्याच स्वयंपाकघरात जेवायचे. त्यामुळे जनावरांची डॉक्टरीण, वयाने माझ्या धाकटीएवढी, टेबलावरच्या मांजरीच्या मानेवरचे केस बाजूला करत म्हणाली, "आजी, हे खाण्यामुळे झालंय," तेव्हा टोपली उचलून सरळ घरी निघावं असं मला वाटलं.

निघाले नाही. मांजर माझी नव्हती. ह्यांची होती.

हे बाइंडर. चाळीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं बांधून दिली. दोन वर्षांपूर्वी डोक्यातलं एकेक पान गळायला लागलं. आधी गिऱ्हाइकांचे पत्ते गेले, मग मुलांची नावं, मग मी. दुकान बंद केलं, पण त्यांचं लांब टेबल, टोच्या, हाडाची पट्टी असं सगळं मी घरी खालच्या खोलीत मांडून दिलं. सकाळी मैद्याची खळ शिजवून वाटीत ठेवते. हे एक जुनी वही घेतात, शिवतात, पुठ्ठ्याला खळ लावतात, कापड चढवतात. संध्याकाळी मी तीच वही उसवून पानं सुटी करून ठेवते. सकाळी हे तीच पुन्हा बांधतात. त्यांना दरवेळी नवी वाटते. मुलगा एकदा म्हणाला, "आई, हा काय खेळ लावलाय?" मी म्हटलं, "तू रोज कचेरीत जातोस तिथे वेगळं काय करतोस?"

मांजरीचं नाव पुठ्ठी. पुठ्ठ्याच्या रंगाची, पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडलेली. तिला कामही होतं. खळ लावलेली वही फळीखाली ठेवली की हे म्हणायचे, "पुठ्ठे, बस." ती फळीवर चढून बसायची. "हलू नकोस." नाही हलायची. दाब देण्याचं यंत्र शेजारीच होतं, पण ह्यांना पुठ्ठीच लागायची. खळ वाळेपर्यंत हे डाव्या हाताने तिची मान खाजवत बसायचे.

मी खोलीत गेले की मान वर करून अदबीने म्हणायचे, "बाई, तुमचं पुस्तक उद्या मिळेल."

मी म्हणायची, "घाई नाही."

एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी गिऱ्हाईक. ह्यांच्या तोंडात नाव म्हणून एकच उरलं होतं, ते मांजरीचं. ती गेली तर तेही जाणार, एवढं मला शाळा न शिकता कळत होतं. म्हणून मी टोपली खाली ठेवली आणि डॉक्टरणीला म्हटलं, "सांगा काय ते."

पुठ्ठीची दशा खरंच बघवत नव्हती. मानेवर आणि कानांमागे खपल्या, चाटून चाटून पोट उघडं पडलेलं, आठवड्यात तीन-चार उलट्या, आणि बाकीचं सांगत नाही, मातीच्या घमेल्यापर्यंत पोचायलाही तिला वेळ मिळायचा नाही. बरगड्या हाताला लागत होत्या.

"हिच्या अंगाला कुठलं तरी खाणं सोसत नाहीये," डॉक्टरीण म्हणाली. "ते शोधायचं तर आधी सगळं बंद करायचं. हिने जन्मात खाल्लं नाही अशा एकाच मांसाचं डब्यातलं खाणं देते. दोन महिने फक्त तेच आणि पाणी. दूध नाही, मासा नाही, बिस्किटाचा चुरासुद्धा नाही."

"आणि नाही खाल्लं तर? भूक लागली की झक मारत खाईल."

"नाही हं, आजी. मांजराला उपाशी ठेवायचं नाही. दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर येतं. आधीच्या खाण्यात थोडं थोडं मिसळा, आठवड्याभरात पूर्ण बदला. पोट लवकर सुधारेल, कातडीला वेळ लागेल."

मी एकदा हातात घेतलं की अर्धवट करत नाही. आठव्या दिवशी घरात पुठ्ठीसाठी त्या डब्याशिवाय काही नव्हतं. जेवणं झाली की जमीन दोनदा पुसायची. दूध झाकून वर. केराच्या बादलीवर दगड. सूनबाईला सांगितलं, बिस्किट खायचं तर मोरीत उभं राहून खा. "आई, मी माणूस आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय, मांजराला सांगून कळलं नसतं."

तीन आठवड्यांत उलट्या थोड्या कमी झाल्या. खाज तशीच. पाचवा आठवडा, सहावा, सातवा. जुन्या खपल्या पडायच्या, शेजारी नव्या धरायच्या. पुठ्ठी फळीवर बसल्या बसल्या मागच्या पायाने मान ओरबाडायची, आणि हे घाबरून म्हणायचे, "पुठ्ठे, रक्त. पुठ्ठे, रक्त." मग रडवेला चेहरा करून माझ्याकडे बघायचे, "बाई, तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर आहे का हो?"

सातव्या आठवड्यात माझं टाळकं फिरलं. घरात चोर आहे हे मला दिसत होतं, आणि चोर कोण तेही मी ठरवून टाकलं होतं. सूनबाईचा जीव मऊ. कुणी आशेने बघितलं की हिचा हात सुटलाच. सकाळी ती कामाला निघताना मी दारात उभी राहिले.

"काय घालतेस तिला?"

"कुणाला?"

"भोळेपणा मला दाखवू नकोस. मी इथे जमिनी पुसून कंबर मोडून घेतेय आणि तू मागून माया पाजतेस. तुझ्या मायेने ते जनावर मरेल."

मुलगा चप्पल घालता घालता थांबला. सूनबाईने पिशवी खाली ठेवली. "आई, मी एक कणही दिलेला नाही."

"मग काय मी दिला?"

ती गेली. डोळे भरले होते, मी बघितले. बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या शनिवारी पुठ्ठीला दाखवायला तीच माझ्याबरोबर आली. रस्ताभर एक अक्षर बोलली नाही, टोपली मात्र तिनेच धरली. डॉक्टरणीने वजन केलं, अंग तपासलं, मग दिवा जवळ ओढून हनुवटीखालचे केस बोटांनी चोळले. पांढरा कडक पापुद्रा निघाला.

"हे काय लागलंय?"

मी वाकून पाहिलं. "ती खळ. पुस्तकं चिकटवायची. ह्यांच्या बोटांना असते, ही चाटते. त्याचं काही नाही."

"कशाची असते?"

"मैद्याची."

"म्हणजे गहूच," डॉक्टरीण म्हणाली. टेबलावर पुठ्ठी मान खाजवत होती.

"अहो, पण ते खाणं नाही," मी म्हटलं. "ते कामाचं आहे. मी ते स्वयंपाकाच्या भांड्यात करतसुद्धा नाही."

"रोज चाटते?"

रोज. सकाळ-संध्याकाळ. पूर्वी खळीत विषारी मोरचूद घालायचो, कसर लागू नये म्हणून. हे बोटं तोंडात घालायला लागले तेव्हापासून मी ते बंद केलं होतं. म्हणजे कुणाच्या पोटात जाऊ शकतं हे मला माहीत होतं. ह्यांचा विचार केला, मांजरीचा केला नाही. एक वाटी विष रोज माझ्याच हातांनी ढवळून, गुठळी राहू नये म्हणून फडक्यातून गाळून, त्या टेबलावर नेऊन ठेवत होते. आणि घरभर चोर शोधत होते.

परत येताना सूनबाईला म्हटलं, "तुझं चुकलं नव्हतं, असं काही मी म्हणणार नाही."

"नका म्हणू, आई."

सोमवारी तिचा डबा मी भरला. तिने तो मुकाट्याने नेला आणि रिकामा आणला. आमच्यात एवढ्यावर भागतं.

खळ बंद केली. बाजारातून पांढरा गोंद आणला. ह्यांनी बोट बुडवलं, वास घेतला, वाटी बाजूला सारली. "हा माल आपल्या दुकानात चालत नाही." तांदळाची करून द्यावी तर डॉक्टरणीने कुठलंच धान्य नको म्हणून बजावलेलं. मग ह्यांनी वही उघडली, पानं जुळवली, खळीच्या जागी हात नेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ टेबलावर फिरला आणि मांडीवर येऊन पडला.

पुठ्ठी सुधारली, आणि बघावी अशी सुधारली. महिन्यात पोट ठीक झालं, दीड महिन्यात खपल्या गेल्या, पोटावर आधी लव आली, मग केस. डॉक्टरीण खूश. "आजी, तुम्ही वाचवलंत हिला." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

इकडे हे खुर्चीत. अंगावरच्या चादरीचा एकेक दोरा ओढून काढायचे. चार घासांवर ताट सरकवायचे. पुठ्ठी सवयीने यायची, बोटं हुंगायची. बोटांना साबणाचा वास. उडी मारून निघून जायची. हे तिच्यामागे बघत राहायचे. हाक आठवडाभर पुरली, मग तीही थांबली.

एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. ह्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, दुकान बंद झालं का हो?"

मी म्हटलं, "नाही. आज सुट्टी आहे."

"फार दिवस सुट्टी झाली," ते म्हणाले.

मी उठले, नखं अर्धी राहिली. मैदा काढला.

संध्याकाळी सूनबाई घरात पाय ठेवते तोच तिला सांगितलं, "पुठ्ठीला वर तुमच्या खोलीत ने. तिचं घमेलं, डबे, सगळं. जिन्याचं दार लावून घ्यायचं. ती आता खाली यायची नाही."

"आई, पण बाबांना ती लागते."

"खळही लागते. दोन्ही मिळत नाही. तुझ्या हातून चुकून एक कण जायचा नाही, ते मला आता माहीत आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठीला खांद्यावर घेतलं, टोपलीत नाही घातलं, आणि वर गेली. जिन्याचं दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी वाटी टेबलावर ठेवली. ह्यांनी वास घेतला. पाठ ताठ झाली. पानं शिवली, पुठ्ठ्याला खळ लावली, कापड चढवलं, हाडाच्या पट्टीने कडा दाबल्या. हात काहीच विसरले नव्हते. वही टेबलावर ठेवली, वर फळी ठेवली.

"पुठ्ठे, बस."

वरून, दोन दारांपलीकडून, ती एकदा ओरडली. ह्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. "पुठ्ठे?" हात फळीकडे गेला, आणि मला कळलं की आता हे फळी काढून टाकणार आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार.

मी पदराला हात पुसले आणि उजवा तळहात फळीवर ठेवला. सगळा भार देऊन दाबला.

ह्यांनी फळीकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही. मग खुर्ची पुढे ओढली, डावा हात उचलला, खळीने माखलेली बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि सावकाश खाजवू लागले, जसं मान खाजवायचे तसं. एकेचाळीस वर्षांत ह्या माणसाने दिवसाउजेडी माझा हात धरलेला नाही. मीही कधी पुढे केला नव्हता.

"हलू नकोस हं, पुठ्ठे," ते म्हणाले.

सूनबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. मी डोळ्यांनीच तिला जा म्हटलं.

खळ वाळायला दोन तास लागतात. मी हलले नाही.