रेणुकाच्या पेशींचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं माता-बाल कार्ड आहे. तेलाचे डाग पडलेलं, घडीवर फाटलेलं. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझा राग अजून गेलेला नाही.

कंधारला आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी मला रेणुकाच्या हाती दिलं, तेव्हा तिला तिसरा महिना होता. पहिल्याच तपासणीत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी निघाल्या. नांदेडच्या डॉक्टरीणबाई दर वेळचा आकडा माझ्यावर लाल शाईने लिहीत. खाली गोळ्या, आणि बजावलेलं : 'आजार जुना आहे. बाळंतपणात बाळाला ओढायला चिमटा लावू नये. बाळाच्याही पेशी तपासाव्यात.' रेणुका मला जिवापाड जपायची.

सातव्या महिन्यात ओटी भरून ती अहमदपूरला माहेरी निघाली. तिच्या सासूने, कस्तुराबाईने, हळूच पिशवीतून मला काढलं.

"वटीच्या सामानात आजाराचा कागद कशाला? माहेरचे म्हंतील, आमची पोर सासरी आजारी पडली."

मला पेटीत लुगड्यांखाली कोंबलं. वा रे शहाणपण! रेणुकाने फोन करून विचारलं, तर "हितं न्हाई" म्हणून बाई मोकळी झाली. तिकडे गोळ्या संपल्या; त्यांची नावं माझ्यावरच होती, म्हणून त्या पुन्हा आणल्या गेल्या नाहीत.

नवव्या महिन्यात एका सकाळी कळा सुरू झाल्या. अहमदपूरच्या दवाखान्यात तपासलं, तर पेशी फार उतरल्या होत्या. हा जुनाच आजार, की आता काही नवीन बिघडलं, हे तिथल्या डॉक्टरांना कळेना. दोन्हींचे उपचार वेगळे. रेणुका कण्हत एवढंच म्हणे, "समदं कार्डावर हाय."

इकडे फोन येताच तिचा नवरा सत्यम शेतातून धावत आला. "आई, कार्ड कुठं हाय? रेणुकाचं लई अवघड होऊन राहिलं!"

"मला काय म्हाईत?"

"बाळाच्या डोक्यात रक्त उतरंल म्हणून राहिले डॉक्टर!"

तेव्हा पेटी उघडली. नातवंडापायी उघडली, सुनेपायी नाही. हे मी विसरणार नाही.

सत्यमने माझे फोटो पाठवले. आजार जुनाच आहे हे कळताच डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, लातूरहून प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या. दुपारी मुलगी झाली. नाळेतलं रक्त तपासलं, तर तिच्याही पेशी कमी. पाच दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दोघी वाचल्या.

मग कस्तुराबाई मला घेऊन दवाखान्यात आली. डोळे पुसत तिने मला कुंकू लावलं, हात जोडले. ओलं बोट नेमकं शेवटच्या लाल आकड्यावर टेकलं. तो आकडा आता कुणालाच वाचता येत नाही.

मित्रांनो, माझी पूजा करू नका. मला डॉक्टरांपुढे ठेवा.