पुनाआबांची लाडकी लेन्स

धुळ्याचे फोटोग्राफर पुनाआबा गेले आणि त्यांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या दोन वाइड लेन्स विकायला काढल्यात, हे कळताच जळगावचा राकेश पहिल्या एसटीने निघाला. त्याला आबांची लाडकी लेन्स हवी होती. दुसरी फुकटातही नको होती.

आबांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, दोन्ही पुढ्यात ठेवल्या. एक डबीत, कापसात गुंडाळलेली, लखलखीत. दुसरीचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसत होतं.

"हाई लई जा भाऊ," बाईंनी डबी पुढे सरकवली. "चांगली शे."

राकेशच्या कपाळाला आठी पडली. न मागता पुढे करताहेत, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. लाडकी वस्तू हाताने झिजते; ही नवीकोरी आबांनी वापरलीच नसणार! दुसरीच्या काचेवर तर ओरखडेही होते. त्याची खात्रीच पटली.

"मला ती झिजलेली द्या."

"ती?" बाई गोंधळल्या. "ती बिघडनी तवयपासून मी तिले पापडना कापडवर वजन म्हनीसन ठेवस. गच्चीवर घसाईसन रंग गया. यासनी लाडकी ते हाई डबीमधली. कोनले हात लावू दिधा नही."

म्हातारी पक्की आहे, राकेश मनात म्हणाला. पैसे ठेवून, झिजलेली लेन्स खिशात घालून तो झपाझप खाली उतरला.

रस्त्यावरून त्याने वर पाहिलं. गच्चीवर बाई पापडाच्या कापडावर वीट ठेवत होत्या.

"नाटक तरी किती करावं माणसाने!" तो पुटपुटला.