कोपराला गूळ

अमेरिकेतल्या डुलुथच्या कौशल्य केंद्रात जानेवारीच्या तुकडीची नावं आली तेव्हा आयली ब्रॅनिगन उभ्या उभ्या सँडविच खात होती. बावीस नावं होती. एकवीस जण विशीच्या आतबाहेरचे. कुणी नुकती शाळा संपवलेली, कुणी पिझ्झाच्या दुकानातून हाकललेलं, कुणाला आईने ढकलून पाठवलेलं. बाविसावं नाव होतं रॉल्फ टॉर्गर्सन, वय एकसष्ट. आयलीने उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं आणि खुर्चीत बसली. भूकच मेली.

कारखान्यांतून कमी केलेल्या वयस्कर माणसांनाही सरकार हल्ली या वर्गांना पाठवायचं, त्यामुळे नाव येण्यात नवल नव्हतं. नवल एवढंच की अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाला ती मनातल्या मनात रोज चार शिव्या घालत होती, तो आपल्या पायांनी चालत तिच्या वर्गात येणार होता.

सोमवारी तो आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण दारातून आत येताना खोली आपलीच असल्यासारखं पाहायची सवय तीच. आयलीशी हात मिळवताना त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "रॉल्फ. तुम्हाला भेटून आनंद झाला, बाई."

ओळख पटली नाही. पटणार तरी कशी? हॅगस्ट्रॉम कंपनीत आराखडे काढणाऱ्या मुलामुलींना तो आडनावानेच हाक मारायचा. ती तेव्हा बावीस वर्षांची 'किनुनेन' होती. तिचं पहिलं नाव काय, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा तो विभागाचा साहेब होता आणि त्या विभागात किनुनेनसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मोठ्या पांढऱ्या कागदावर ती पेन्सिलीने क्रेनचा सांगाडा काढायची, तो थेट कारखान्यात जायचा. दुरुस्ती लागायची नाही. त्याच वर्षी कंपनीने संगणक आणले. शिकायला चार जणांना मिनिआपोलिसला पाठवायचं ठरलं. किनुनेन विचारायला गेली तेव्हा टॉर्गर्सन हसला होता. "तुला कशाला ते? ती खेळणी आहेत. तुझा हात सोन्याचा आहे. नाव देऊ नकोस, मी बघतो तुझं." ती हरभऱ्याच्या झाडावर चढली. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, पेन्सिलवाल्यांची पाच टेबलं उचलली, त्यात तिचंही. ती रडत त्याच्याकडे गेली, तर तो मागे न वळताच म्हणाला, "अडवलं होतं कुणी? आपलं आपण बघायचं असतं, किनुनेन."

पुढचे दोन हिवाळे तिने महामार्गावरच्या एका लॉजमध्ये परक्यांच्या चादरी बदलल्या. संध्याकाळी कॉलेजात जाऊन ती तेच संगणक शिकली, पुढे शिकवायला लागली. लग्न झालं, नाव बदललं. सगळं मार्गी लागलं, पण ते वाक्य काही गेलं नाही. घशात माशाचा काटा राहावा तसं राहिलं.

पहिल्या दिवशी आयली मुलांना नेहमी एकच गोष्ट सांगायची. त्या दिवशीही तिने टेबलावर बसकण मारली आणि म्हणाली, "ऐका. कामं बदलतायत. आज तुम्ही जे शिकाल ते पाच वर्षांनी टाकून द्यावं लागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते गोड बोलणाऱ्या साहेबाला. 'तुला शिकायची गरज नाही, मी बघतो तुझं' असं जो म्हणतो, त्याला गरज तुमची असते, तुमच्या शिकण्याची नसते. ज्या दिवशी कुणी असं म्हणेल, त्याच दिवशी जाऊन यादी बघायची. आपलं नाव नसेल तर स्वतःच्या हाताने लिहायचं. कळलं?"

"आणि साहेब चिडला तर?" पुढच्या बाकावरून कालिया वांगने विचारलं. एकोणीस वर्षांची ही मुलगी लाओसहून आलेल्या ह्मोंग लोकांतली, आईवडील मासळी बाजारात. तिची जीभ सुरीसारखी चालायची.

"चिडू दे. चिडलेला साहेब परवडतो, गोड परवडत नाही."

पोरं हसली. मागच्या रांगेतून टॉर्गर्सनने मोठ्याने री ओढली. "बाई बरोबर सांगतायत रे पोरांनो! मी तीस वर्षं माणसं घडवलीत, मला विचारा. पण तुमच्यातही चिकाटी पाहिजे. माझ्याकडे एक मुलगी होती. हात काय होता तिचा! मी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. पण नवीन यंत्रं आली तशी कंटाळली आणि गेली सोडून. धीर नव्हता."

आयलीच्या हातातला खडू मोडला. तिने तो शांतपणे पुसणीशेजारी ठेवला.

"नाव काय होतं तिचं?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक. फिनिश होती कुणीतरी."

तोपर्यंत आयलीने काही ठरवलं नव्हतं. त्या क्षणी ठरलं.

एक गोष्ट मात्र खरी, टॉर्गर्सन वर्गात वाईट वागला नाही. वेळेवर यायचा. पोरं त्याला 'आजोबा' म्हणायची, तोही हसून घ्यायचा. डबा खाताना तो कालियाला सांगायचा की बायकोचं, इंगरचं, हृदय अधू आहे, औषधं महाग आहेत, आणि पासष्टीला सरकारी विमा सुरू होईपर्यंत नोकरीचा विमा हवाच हवा. आयली पलीकडच्या टेबलावर बसून हे सगळं ऐकायची. ऐकलं नव्हतं असं तिला पुढे कधी म्हणता येणार नव्हतं.

फेब्रुवारीत बातमी आली. बंदरावरच्या क्रेन कंपनीला नव्या तऱ्हेच्या क्रेनवर माणसं हवी होती. आता केबिनमध्ये कुणी बसायचं नव्हतं. किनाऱ्यावरच्या खोलीत पडद्यासमोर बसून जहाज रिकामं करायचं. त्याचं पाच आठवड्यांचं खास शिक्षण केंद्रात होणार, जागा आठ, आणि मुलाखती फक्त त्या आठ जणांच्या. ऑफिसच्या खिडकीपाशी वही ठेवली. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ज्याने आधी नाव लिहिलं त्याची जागा.

आयलीने वर्गात सांगितलं आणि पोरं धावली. बुधवारी वहीत सहा नावं झाली होती. टॉर्गर्सन मधल्या सुट्टीत तिच्याकडे आला. हातात कॉफीचा पेला, आवाज थोडा खाली.

"बाई, एक विचारू? ते पडद्यावरचं... मी नाव द्यावं का? पोरांच्या मध्ये बसून बटणं दाबायची म्हणजे..."

आयलीने त्याच्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं हे वाक्य तिच्याजवळ होतं, आणि आता ते म्हणताना आवाज कापू नये एवढीच तिला काळजी होती.

"तुम्हाला कशाला ते?" ती हसून म्हणाली. "ती पोरांची खेळणी आहेत. तुमचा अनुभव सोन्याचा आहे. नाव देऊ नका. मी बघते तुमचं."

ती थांबली. त्याला आठवायला तिने पुरता वेळ दिला. त्याच्या कपाळावर एक आठी उमटेल, तो पेला खाली ठेवेल, असं तिला वाटलं. त्याला आठवलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं, असं ती नंतर स्वतःला सांगायची. पण टॉर्गर्सनचा चेहरा उजळला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला वाटलंच होतं, कुणीतरी कदर करील," तो म्हणाला. "तुमचे उपकार झाले, बाई."

त्या संध्याकाळी आयली गाडी चालवत घरी गेली तेव्हा तळ्यावर बर्फ कडाकडा फुटत होतं आणि ती मोठ्याने गात होती. नवऱ्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, आज काम छान झालं.

शुक्रवारी आठवं नाव पडलं आणि वही बंद झाली. पाच आठवडे आठ जण शेजारच्या खोलीत शिकत होते. बाकीच्यांचा वर्ग चालूच होता. टॉर्गर्सन अधूनमधून तिला विचारायचा, "माझं लक्षात आहे ना?" आणि ती म्हणायची, "म्हणजे काय!" दर वेळी कोपराला नवा गूळ लावायची. लॉजमधली एकेक चादर तिला आठवायची आणि तेवढा हिशेब फिटल्यासारखी मनात तिची घडी पडायची.

मार्चच्या शेवटी कंपनीची माणसं आली. टॉर्गर्सन निळा कोट आणि टाय घालून आला होता, बूट चकाकत होते. सगळ्यांत आधी मुलाखत देऊन आलेली कालिया त्याला म्हणाली, "आजोबा, आज लग्न आहे की काय?" तो हसत टेबलापाशी गेला. टेबलावरच्या माणसाने कागद वरून खाली पाहिला, मग खालून वर. "तुमचं नाव नाही, सर. फक्त या आठ जणांच्या मुलाखती."

पाच मिनिटांत तो आयलीच्या खोलीत होता.

"बाई, काहीतरी घोटाळा झालाय. माझं नाव नाही."

"तुम्ही लिहिलं होतंत?"

"तुम्ही म्हणालात, नको. म्हणालात, मी बघते."

आयली उठली नाही. खिडकीकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ ठेवून म्हणाली, "अडवलं होतं कुणी? आपलं आपण बघायचं असतं, टॉर्गर्सन."

तो हळूच म्हणाला, "किनुनेन?"

ती वळली. त्याचा चेहरा बघायचा तिला हक्क होता, आणि तिने तो डोळे भरून पाहिला.

"इंगरचं तुला माहीत होतं," तो म्हणाला. तिला 'तू' म्हणतोय हे त्याला कळलंही नाही.

"होतं. तुला माहीत होतं का, तेव्हा माझी आई माझ्याकडे होती? विचारलं होतंस?"

"चारच जागा होत्या. तुला पाठवलं असतं तर सहा महिने कागदावरची कामं कुणी केली असती? तू सगळ्यांत चांगली होतीस म्हणून तुला ठेवून घेतली."

"चांगली होते म्हणून बुडवलीस! आणि वर पोरांसमोर सांगतोस, कंटाळून गेली, धीर नव्हता. निदान नाव तरी लक्षात ठेवायचंस, मेल्या."

तो माफी मागेल असं तिला वाटलं होतं, त्याने मागितली नाही. टाय सैल केला आणि निघून गेला. दारात कालिया उभी होती. ती मुलाखतीची आनंदाची बातमी सांगायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई, त्यांनी त्या वेळी वाईट केलं," ती म्हणाली.

"हो."

"मी वहीत नाव लिहायच्या आधी तुम्हाला विचारायला आले होते. तुम्ही 'लिही' म्हणालात."

"तुझं भलं व्हावं म्हणूनच म्हणाले."

"ते ठीक आहे. पण 'नको' म्हणाला असतात तर मी लिहिलं नसतं. तुमच्याकडे बघून मला कळलंही नसतं." कालियाने दप्तर खांद्याला अडकवलं. "मला नोकरी मिळाली. एवढंच सांगायला आले होते."

आयलीला तिला मिठी मारायची होती. मुलगी निघून गेली.

त्या रात्री आयलीला झोप नीट लागली. खोटं कशाला बोला. सूड गोड लागला होता आणि पुढे बरेच दिवस गोडच राहिला. कालियाचं बोलणं तेवढं मध्येच दाताखाली खड्यासारखं यायचं. एप्रिलमध्ये आयलीने नियम बदलून घेतला: वहीत नाव लिहायचं की नाही, हा सल्ला शिक्षकाने कुणालाही द्यायचा नाही. वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा तिने आपण काय केलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिला लेखी ताकीद मिळाली. तिने सही केली. पश्चात्ताप झाला का, या रकान्यात तिने काही लिहिलं नाही.

मे महिन्यात क्रेनच्या पुढच्या तुकडीसाठी दुसरी वही ठेवली, त्या दिवशी केंद्राचं दार उघडायच्या आधी पायऱ्यांवर एक माणूस थर्मास घेऊन बसला होता. मधल्या काळात तो शाळेची बस चालवत होता. टॉर्गर्सनने पहिल्या ओळीवर स्वतःच्या हाताने ठळक नाव लिहिलं आणि कुणाला काही न विचारता वर्गात जाऊन बसला.

शिकवणं आयलीच्याच वाट्याला आलं. पाच आठवडे दोघं कामापुरतं बोलली. "डावीकडची कळ आधी." "ही?" "हो." त्याची बोटं सुरुवातीला लाकडासारखी होती, पण क्रेनचं वजन कुठे झुकतं हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. चौथ्या आठवड्यात पडद्यावरचं जहाज तो पोरांपेक्षा आधी रिकामं करायला लागला. त्याला मुद्दाम कठीण जहाजं देऊन तिने सरावात दोनदा नापास करून पाहिलं. तिसऱ्यांदा तो नापास झाला नाही. तिने तेही आपल्या नोंदवहीत प्रामाणिकपणे टिपलं, दात ओठ खात का होईना.

जुलैमध्ये कंपनीकडून शिफारशीचे कागद आले. प्रत्येकामागे शिक्षकाचा शेरा हवा होता. टॉर्गर्सनचा कागद तिने सगळ्यांत शेवटी घेतला. एका शब्दात त्याचं काम संपवता आलं असतं, आणि या वेळी कुणी जाबही विचारला नसता. तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं: 'काम उत्तम. या तुकडीत याच्याइतका जाणता हात नाही. नोकरी जरूर द्यावी.'

खाली 'इतर सूचना' असा रकाना होता. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. आयलीने त्यात सुवाच्य अक्षरात आणखी एक ओळ घातली आणि शाई वाळायची वाट पाहिली.

'याच्या हाताखाली नवीन मुलं कधीही देऊ नयेत.'

टॉर्गर्सनला नोकरी मिळाली, विमाही मिळाला. किनाऱ्यावरच्या खोलीत अगदी कडेच्या पडद्यावर तो एकटा बसतो. नव्या पोरांना शिकवायचं काम कंपनीने कालिया वांगला दिलंय.