काया म्हणजे ओझं

मी एक जुनी परात आहे आणि मित्रांनो, या क्षणी मी पालथी पडले आहे. माझ्या बुडावर वुमपिनी नावाची बाई बसली आहे. समोर दवाखान्याची खिडकी आहे. शेजारी अझारा नावाची सोळा वर्षांची मुलगी तापाने फणफणत भिंतीला टेकली आहे. तिला आत घेतल्याशिवाय वुमपिनी उठणार नाही. परातीने आपल्या घडणीपासून सुरुवात करावी, नम्रपणे बोलावं आणि शेवटी उपदेशाचे दोन शब्द सांगावेत अशी रीत आहे. रीत मी पाळीन, पण मी रागावलेली आहे हे आधीच सांगून ठेवते.

तेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याचा गोल तुकडा साच्याखाली गेला आणि खोलगट, रुंद काठाची परात होऊन बाहेर आला. आक्रा शहराच्या बाजारात आम्ही एकमेकींच्या पोटात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. उत्तरेकडच्या गावांतून मुली येतात, आधी परात घेतात आणि मग झोपायला जागा शोधतात. वुमपिनीने मला टिचकी मारून, मडकं पारखावं तसा माझा आवाज ऐकला. माझ्या बुडाशी खिळ्याने तीन ठिपके ठोकले, ती तिची खूण. रोज सकाळी ती मला राखेने घासायची. तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं हो.

कापडाची चुंबळ, चुंबळीवर मी आणि माझ्यात कंद, टोमॅटो नाहीतर बर्फातल्या मासळीची खोकी. गिऱ्हाईक पुढे चालायचं, वुमपिनी मागे. तिला कोणी नाव विचारत नसे. 'ए काया, इकडे ये' अशी हाक यायची. तुमच्या भाषेत काया म्हणजे देह. इथे काया म्हणजे ओझं, आणि ओझं वाहणाऱ्या बाईलाही तीच हाक. मान मोडेपर्यंत ओझं वाहिलं की दोन्ही अर्थ एकच होतात, हे मी तिच्या डोक्यावर बसून शिकले.

फळ्यांच्या एका खोपटात पाच जणी राहत होत्या. सगळ्यांत थोरली सलामातू. तिला सगळ्या ताई म्हणत आणि तिचा शब्द म्हणजे कायदा. कायदाही एकच होता, एकटीने खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यामुळे संध्याकाळी जिला जे मिळालं असेल ते माझ्यात पडायचं. भात, तळलेली मासळी, कोणी दिलेला साबण, एकदा तर एकच संत्रं. सलामातू सगळ्याचे पाच वाटे करायची. एखादी आजारी असेल तर तिलाही पाचवा वाटा मिळायचा, काम केलेलं नसलं तरी. त्या वाटणीचं भांडं मी होते. मला याचाही अभिमान होता. आता तो आठवला की माझाच मला राग येतो.

एक दिवस गटाराशेजारी पडलेला गंजका पत्रा वुमपिनीच्या पायात घुसला. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, तेव्हा ती मला काखेत मारून याच दवाखान्यात आली. याच खिडकीत याच बाई होत्या. त्यांनी पायाकडे पाहिलंच नाही. आरोग्यविम्याचं कार्ड मागितलं, उलटसुलट केलं आणि गाव विचारलं. वुमपिनीने खरं गाव सांगितलं. तिथेच चुकलं.

"कार्डाची मुदत संपलीय. जिथलं आहे तिथे जा आणि नवं करून आण."

"तिथे जायला एक दिवस आणि एक रात्र बस लागते, बाई."

"मग एक दिवस आणि एक रात्र जा. पुढचे कोण?"

मित्रांनो, हे खोटं होतं. कार्ड इथेही नवं होत होतं. चार पावलांवर, शेजारच्याच खिडकीत. हे आम्हाला वर्षभराने कळलं. खिडकीतल्या बाईंना ते त्या दिवशीच ठाऊक होतं. ओझेवालीसाठी चार शब्द जास्त बोलायचे कशाला, एवढाच तो प्रश्न होता.

बाजारात एक औषधवाला फिरतो. त्याच्याही डोक्यावर परात असते, बहुधा माझ्याच कारखान्यातली. तिच्यात उन्हात भाजून निघालेल्या लाल-पिवळ्या कॅप्सुलांचे ढीग. लोक त्याला डॉक्टर म्हणतात. त्याने कार्ड मागितलं नाही, गावही विचारलं नाही. त्याने विचारलं, "काय होतंय गं, बहिणी?" त्या सबंध शहरात हा प्रश्न तिला विचारणारा तो एकटाच. मग तिने त्याचं ऐकलं यात तिचं काय चुकलं? एक फोडून जखमेवर टाक, बाकीच्या रोज गीळ, असं सांगून त्याने दहा कॅप्सुला दिल्या.

संध्याकाळी वुमपिनीने त्या दहाही माझ्यात टाकल्या. कायदा तो कायदा. सलामातूने प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन ठेवल्या. एकीला खोकला होता, एकीच्या पोटात कळ येत होती. उरलेल्या दोघींना काही झालेलं नव्हतं, पण पुढेमागे होऊ नये म्हणून त्यांनीही गिळल्या. वुमपिनीने आपल्या दोनांतली एक जखमेवर भुरभुरली आणि एक खाल्ली. सूज जरा उतरली. सगळ्यांनी औषधवाल्याला दुवा दिला.

पंधरा दिवसांनी पाय पुन्हा फुगला. पुन्हा दहा आल्या, पुन्हा पाच वाटे झाले. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. माझ्या पोटात औषध पडायचं आणि पाच माणसांच्या मायेत विरून जायचं. कुणा एकीलाही पुरेल एवढं ते कधी उरलं नाही. अर्धामुर्धा मार खाऊन जंतू मात्र चिवट झाले.

शेवटी चौघींनी तिला हातगाडीवर घालून मोठ्या इस्पितळात नेलं. मी तिथे नव्हते, सलामातूने परत येऊन सांगितलं ते असं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती कॅप्सुला घेतल्या होत्यास? वुमपिनी म्हणाली, "माझ्या वाट्याच्या." डॉक्टरीणबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या की या जखमेतले जंतू आता साध्या औषधांना भीक घालत नाहीत. वुमपिनीचा जीव वाचला, पण उजवं पाऊल अर्धंच उरलं.

हे सांगताना सलामातूने माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच वाटल्या," एवढंच ती म्हणाली आणि त्या संध्याकाळी जेवली नाही. तिच्या मायेला कोणी शिक्षा करायची गरज नव्हती, ती स्वतःच करून घेत होती. खिडकीतल्या बाई मात्र त्या रात्री पोटभर जेवल्या असतील. माझा राग कोणावर आहे, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल.

वुमपिनीला ओझं उचलता येईना. ती खोपटाच्या दाराशी उकडलेले कंद विकू लागली. मी कोपऱ्यात पडून राहिले, मला पोचे आले, राखेने घासणारं कोणी उरलं नाही. मग उत्तरेकडून अझारा आली. तिला मी मिळाले आणि पुन्हा बाजार दिसला. गेल्या आठवड्यात मासळीच्या खोक्याच्या पट्टीने तिचा तळहात कापला. काल हात भाकरीसारखा फुगला. आज सकाळी तिने लाल-पिवळ्या दहा कॅप्सुला आणून माझ्यात टाकल्या आणि शहाण्या मुलीसारखी सलामातूची वाट पाहत बसली.

वुमपिनीने त्या माझ्यातून उचलल्या, अझाराला उठवलं, मला डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. तिचं लंगडणं मला वर जाणवत होतं. रांगेतली माणसं बघत असताना तिने मला खिडकीसमोर पालथं घातलं आणि माझ्यावर बसली. दुपार झाली तरी बसूनच आहे.

आता खिडकीतल्या बाई बाहेर आल्या आहेत.

"ए काया, ऊठ तिथून. रांग अडतेय."

"माझं नाव वुमपिनी. हिचं अझारा."

"बरं, बरं. कार्ड कुठे आहे?"

वुमपिनी पायावर गुंडाळलेलं फडकं सोडते आणि अर्धं पाऊल त्यांच्यापुढे ठेवते. "हे घ्या. तुम्हीच दिलंय. मागच्या वेळी मी याच पायाने आले होते."

बाई त्या पावलाकडे पाहतात. पहिल्यांदाच पाहतात. मग वही घेतात आणि खालच्या आवाजात गाव विचारतात.

"आक्रा लिहा," वुमपिनी म्हणते. "ओझं इथलं वाहते, तर गावही इथलंच. आणि कार्ड शेजारच्या खिडकीत नवं होतं, ते मला माहीत आहे."

अझारा आत जाते. ती बाहेर येते तेव्हा हाताला पट्टी असते आणि गोळ्यांचं अख्खं पाकीट. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय म्हणे, सगळ्या संपवायच्या, बरं वाटलं तरी. पण सवय मोठी वाईट. उत्तरेकडची मुलगी ती, एकटीने खायचं नाही हे दुधाबरोबर प्यालेली. ती पाकीट घेऊन वाकते आणि माझं पोट शोधते.

मित्रांनो, आता उपदेशाचे दोन शब्द. मला घासून ठेवा, माझ्यात भात वाटा, मासळी वाटा, एकमेकींच्या डोक्यावरचं ओझंसुद्धा वाटून घ्या. औषध वाटू नका. आणि दाराशी आलेल्या माणसाला गाव विचारण्याआधी काय होतंय ते विचारा. नाही विचारलंत, तर ते विचारायला औषधवाला उभाच आहे.

वुमपिनी माझ्यावरून उठत नाही. उलट जरा घट्टच बसते.

"परात पालथी आहे, बाळा," ती म्हणते. "या सगळ्या तुझ्या एकटीच्या."